डब्याच्या दुधात जे नाही

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१२ जानेवारी १९९७

चि. शुभदा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पोर चार महिन्यांची झाली तरी चेहऱ्याकडे बघत नाही, खुळखुळा फिरवला तरी तिची नजर फिरत नाही, असं लिहिलंस. तुझे बाबा गेले, त्या धक्क्याने तू साडेसातव्या महिन्यात बाळंत झालीस, दूध आटलं. यात तुझा दोष कसला?

वाचनालयात आरोग्याचा अंक मिळाला. दोनदा वाचला तेव्हा उमगलं. मेंदूच्या वाढीला एक चरबी लागते. ती बाळाला शेवटच्या महिन्यांत आईच्या पोटात मिळते, नंतर दुधातून. परदेशात काही ठिकाणी डब्याच्या दुधात घालू लागलेत. आपल्याकडच्या डब्यात नसते. आणि असते कशात, तर मासळीत! तुझ्या बाबांनी जन्मभर तीच घरी आणली. हे वाचून दाखवायला आता ते नाहीत.

म्हणून मुशी माशाच्या काळजाचं तेल कढवून शेजारच्या पोपटकडे पाठवलंय. दुधात दोन थेंब घाल. मीच आले असते, पण वर्षश्राद्धाआधी बाळंतिणीच्या घरी जाऊ नये, असं इथल्या बाया म्हणतात. नातीला अजून फोटोतच बघते.

तुझी आई,
चंद्रभागा

डोंबिवली
२० जानेवारी १९९७

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधी बाटली पोचली, आणि घोळ झाला. सासूबाईंना वाटलं, बाळाला चोळायचं तेल. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येते तो पोर टाळूपासून टाचेपर्यंत माखलेली, जिन्यात तीन मांजरं, आणि सासूबाई नाकाला पदर लावून बसलेल्या. तीनदा आंघोळ घातली. त्या म्हणाल्या, होडीला लावतात ते तेल पाठवायला नातीला काय खाडीत सोडायची आहे? हे तर दोन दिवस गॅलरीतच झोपले.

डॉक्टरांना विचारलं. एवढ्या लहान जिवाला हे तेल बाधेल, एक थेंबही द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. डब्याच्या दुधाला नावं ठेवू नका, त्यावरच ती तगलीय, म्हणाले. वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे ती जेमतेम अडीच महिन्यांची. महिनाभर वाट पाहा, नजर फिरली नाही तर तपासण्या करू. मला सकाळी थोडं दूध येतं तेवढं पाजत राहायचं, आणि मी मासे खाल्ले तर त्यातलं थोडं दुधात उतरेल.

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, माझ्या चुलीवर मासे शिजणार नाहीत, पण माहेरी जाऊन खा, पंधरा दिवस राहा. आई, तुला यायचं नाही. आम्हाला यायला कुणी अडवलंय?

माझी भीती तेवढी सांभाळून घे.
तुझी शुभदा

ठाणे
२४ जानेवारी १९९७

चि. शुभदास आशीर्वाद.

ये. बाया बोलतील, बोलू देत. तुझ्या सासूबाईंना, रमाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तेलाबद्दल माफी माग. तुझ्यासाठी मुडदुशा मासे सांगून ठेवलेत.

आई

ठाणे
२३ फेब्रुवारी १९९७

चि. शुभदा हिस अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप परत पोचलात, हे पोपटने सांगितलं. डॉक्टरांना दाखवून ये, मी सांगते म्हणून थांबू नकोस. पण मी पाहिलं ते पाहिलं. इथे आल्याच्या बाराव्या दिवशी तू कपडे वाळत घालत होतीस. मी चुलीकडे गेले तशी पोरीची मान वळली. मला खरं वाटेना. परत खिडकीशी आले, तर डोळे माझ्या मागोमाग आले. तुला हाक मारायच्या आधी मी पाच वेळा फिरले. एवढं मला माफ कर.

मासळीने झालं की दिवस भरल्याने, कोण जाणे. अंकातही खात्रीने लिहिलेलं नाही. तू मात्र आता स्वतःला बोल लावू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही गेल्यापासून मी कामाशिवायच चुलीकडून खिडकीकडे जाते, खिडकीकडून चुलीकडे येते. मागे वळून बघत नाही.

तिला माझा पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
चंद्रभागा