चार चित्रांतली एकच बाई

गिरड, ८ जुलै १९८४

तीर्थरूप बाबांना नलूचा नमस्कार.

१. कॉलेजच्या कामासाठी इथे आल्यावर सोमवारी जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा माझा तक्ता गावातल्या बायांना दाखवला. चारही चित्रांत एकच बाई होती.
२. मी राहते त्या घरच्या रुख्माबाईंना त्या चार वेगळ्या बाया वाटल्या. म्हणाल्या, "साखरवालीचं आयकू का मीठवालीचं? पोराले नुसतं मीठच पाजू का?"
३. तक्ता फाडला. नव्या चारही चित्रांत लुगडे तेच, कडेवरचे मूल तेच ठेवले.
४. शुक्रवारी रुख्माबाईंच्या नातवाला जुलाब लागले. मी बाहेर होते. त्यांनी तक्ता पाहून पाणी बरोबर केले. मूल आता उठून बसते आहे.

"चित्र काढाले पदवी कायले पाह्यजे?" असे तुम्ही सिंदी स्टेशनवर विचारले होते. त्याचे उत्तर आता देते. पहिल्या तक्त्यातले चित्रही चांगलेच होते, बाबा. ते का कळले नाही, हे शोधायला मी विस्तार-संवाद, म्हणजे गावातल्या माणसांना कळेल अशी माहिती पोचवणे, शिकते.

माझी प्रकृती ठीक आहे. आईचा खोकला थांबला का?

तुम्ही दिलेला डी.एड.चा अर्ज मी भरलेला नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा अर्ज सोबत आहे, त्यावर तुमची सही लागते. सही किंवा नकार, जे असेल ते बुधवार, १८ जुलैपर्यंत मला इथे मिळेल असे पाठवा.

तुमची
नलू