नंदीच्या उतारावरची पुढची गाडी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

म्हणे, सत्तरी उलटली, आता घाटात एकट्यानं गाडी नको! सांगतंय कोण — अभिमन्यू, पोटचा पोरगा. बंगळुरात, चामराजपेटेत ब्रेकचं दुकान मी टाकलं तेव्हा हा जन्मलाही नव्हता. वर सून रंजिताही मान डोलावते. शेवटी मीच पैज लावली. उद्या एकटा नंदी हिल्सला जाऊन येतो. माझी किंवा गाडीची जराही कुरकुर न होता आलो, तर हा विषय कायमचा बंद. झाली, तर स्टिअरिंगला हात लावणार नाही.

रविवार, १०

जाऊन आलो. धडधाकट!

चढ कसा, लोण्यासारखा. वर धुकं, गर्दी, कोमट कॉफी. ठीक. उतरताना मात्र डोकं फिरलं. पुढे एक पांढरी गाडी. वळण आलं की तिचे लाल दिवे लागायचे आणि चर्रर्र — पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतं, तो आवाज. काचा खाली होत्या, मला तर कानातच करवत! हॉर्न दिला, दिवे मारले. ढिम्म. पायथ्याला गाठलाच.

तिशीतला पोरगा, व्हाइटफील्डचा. शेजारी बायको, मागे लहान मुलगी. हिंदीत सांगितलं, ब्रेक संपलेत, असं चालवू नका. तर हा हसून बायकोला मराठीत म्हणतो, "गॅरेजवाला असणार. गिऱ्हाईक पकडतोय म्हातारा."

"गॅरेजवालाच आहे," मीही मराठीतच म्हटलं. "मागे लेकरू दिसलं म्हणून थांबवलं."

चेहरा बघण्यासारखा झाला! दुकानाचा पत्ता त्याच्या हातात कोंबला. गिऱ्हाईक पकडतोय म्हणे! काचा चढवल्या, एसी लावला, वाटभर त्याला शिव्या घालत घरी आलो.

सोमवार, ११

अभिमन्यूनं हार मानली. "सरी अप्पा, मान्य. तुमच्या कानांपुढं कोण बोलणार." गोष्ट शेजारच्या अक्कांना सांगितली, दुकानात दोनदा सांगितली.

मंगळवार, १२

पोरगा खरंच आला. नाव ईशान. "काका, चुकलं माझं," म्हणाला. मी पण मोठेपणानं चहा मागवला.

अभिमन्यूनं चारही चाकं उघडली. पॅड नवेकोरे. गेल्याच महिन्यात घातलेले.

"मग आवाज कसला होता, अप्पा?"

धूळ असेल, म्हटलं. ईशान बिचारा आभार मानून गेला. धूळ! अडतीस वर्षांत गिऱ्हाइकाला असली थाप मारली नव्हती.

वळणावर तो ब्रेक दाबत होता. त्याच्या मागं, त्याच वेळी, मीही दाबत होतो.

मंगळवार, दुपार

अभिमन्यू जेवायला घरी गेलाय. माझ्या गाडीचं पुढचं चाक उघडलं. पॅड कुठलं, नुसता पत्रा. कुणी पाहिलेलं नाही. चाक परत चढवायला दहा मिनिटं पुरतात.

चढवलेलं नाही. शेजारी स्टूल टाकून बसलोय.