भावाच्या मापाची सायकल

बाई,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. वर्गात तुम्ही विचारल्याशिवाय मी एक वाक्यही कधी बोलले नाही, आणि आता तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाल्यावर, तुम्ही उत्तर देऊ शकत नाही अशा वेळी बोलते आहे. हे न्याय्य नाही, हे मला कळते. पण तुम्हीही मला एकदा अशाच वेळी विचारले होते, जेव्हा मला उत्तर देता येणार नव्हते.

आठवीत मी तालुक्यात पहिली आले, म्हणून गावातल्या एका जमीनदार घराने बक्षीस दिले होते. निळी सायकल, पुढे जाळीची टोपली, सीटवरचे प्लास्टिकही न काढलेले. ती शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि तुम्ही मला बोलावता. माझ्या शेजारी अंजूरहून रोज तासभर चालत येणारी वर्गातली मुलगी उभी आहे. तुम्ही म्हणता, "तुझं घर शाळेच्या मागेच. तू सायकल घेऊन करणार काय? हुशार मुलीला पुस्तकं पुरतात. ही हिला देऊ या. तुझी काही हरकत नाही ना?" मी काही बोलण्याआधी तीच बोलली, "नको बाई, मना नको. ती तिनं मिल्वलेली हाय." त्यावर तुम्ही हसत म्हणालात, "तू गप्प बस गं. तुला कोणी विचारलंय?" मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती मान हलवली असती, तरी तिने सायकलीला हात लावला नसता. मी फरशीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही माझ्या त्यागावर पाच मिनिटे बोललात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे या म्हणीचा अर्थ तुम्हीच आम्हाला शिकवला होता. वाक्यात उपयोग त्या दिवशी करून दाखवलात. तिला सायकलीची गरज माझ्याहून मोठी होती, हे मी कधीच नाकारले नाही. म्हणूनच तर तुमच्यावर रागावायलाही मला धड जागा उरली नाही. आणि खरे सांगायचे तर टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरे वाटले होते. त्या टाळ्यांची सवय लागली. त्यानंतर खिडकीजवळची जागा, सहलीतला नंबर, पुढे कॉलेजात वसतिगृहाची खोली, जे जे माझ्या वाट्याला आले ते कोणी मागण्याआधीच मी देत गेले. तुम्ही मला फक्त सायकल द्यायला लावली नाहीत, बाई. "माझे" हा शब्द उच्चारताना जीभ अडखळेल अशी तजवीज केलीत.

आता मी अंजूरच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. कामतघरहून रोज शेअर रिक्षा, तिघांच्या जागी चौथी मी. वयाच्या सव्विसाव्या वर्षी गोदामाच्या अंगणात वॉचमनच्या सायकलवर तोल सावरायला शिकले. मग ठरवले की रोड बाइक, म्हणजे लांब रस्त्याची हलकी सायकल घ्यायची, रोज कामाला आणि रविवारी वाडा गावाच्या रस्त्याने अंबाडीपर्यंत. माझ्या स्वभावाप्रमाणे तीन महिने वाचले. अगदी बारीक टायर आपल्या खड्ड्यांत टिकणार नाहीत, बत्तीस मिलिमीटरचे बरे. डबा नेण्यासाठी मागे कॅरिअर बसले पाहिजे. हँडल फार खाली झुकलेले नको. वहीत तक्ता केला आणि दुकानात गेले.

दुकानदाराने विचारले, "बोला मॅडम, किसके लिए?" उत्तर मला पाठ होते. तोंडातून निघाले, "भावासाठी." मला भाऊ नाही.

"हाइट काय त्याची?"

"पाच फूट आठ," मी म्हटले. कोणाची, देव जाणे.

त्याने त्या उंचीला बसणारी, चोपन्न सेंटिमीटरची फ्रेम लिहून घेतली. मी टायर, गिअर, कॅरिअर एकेक विचारत गेले तसा तो हसायला लागला. "भाई दुकान में आएगा नहीं, और बहन पूरी किताब पढ़के आयी है! त्याला एकदा पाठवा तरी. सायकल म्हणजे चप्पल आहे मॅडम, दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेत नाहीत." मी आगाऊ पैसे देऊन बाहेर पडले. आठवडाभर त्या नसलेल्या भावाचा मला हेवा वाटत होता.

काल तो फोनवर म्हणाला, "तयार आहे, भाई को भेजो." मी गेले. सायकल उंच, काळी, देखणी. मी तिच्या दांड्यावरून पाय टाकून उभी राहायला गेले, तर टाचा जमिनीला लागेनात. तो बघत होता. त्याच्या नजरेत उपहास नव्हता, नुसते काम होते.

"मॅडम, भाई है क्या?"

"नाही," मी म्हटले. "माझ्यासाठी आहे."

"मग आधी सांगायचं ना! सरळ उभ्या राहा." त्याने आतून लहान फ्रेमची आणली, सीट दोनदा वर-खाली केली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालवून या म्हणाला. मी गेले आणि परत आले. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. इतके सोपे होते, बाई, आणि तुमच्यामुळे त्याला चौदा वर्षे लागली.

हे पत्र मी कोठेही पाठवणार नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. काल संध्याकाळी सायकल चाळीत आणली तेव्हा आईने दारातूनच विचारले, "कोणाची गं ही?" मी म्हटले, "ऑफिसची."

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे