सोड

बाबा,

साहेबांच्या घोडीचा पाय मोडला त्याला साठ वर्षं होत आली. तुम्ही तिचे मोतद्दार. दाणा-पाणी, खरारा, लीद, सगळं तुमच्याकडे. सकाळी तिला फिरवायला नेताना दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो, की तुम्ही मला वर बसवायचात. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी आपण धम्माची दीक्षा घेतली होती. "आपल्या लोकाईनं लीदच काढली आजवर," तुम्ही म्हणायचात. "तू वर बस. अन् पाठ ताठ ठेव, पोत्यावानी काय बसून राह्यली?" उडीच्या वेळी तुमचा एकच शब्द असे, "सोड!" म्हणजे लगाम ढिला सोड, घोडीला मान लांबवू दे.

साहेबांच्या मुलीनं घोडीवरून नाला ओलांडला, ते मी कुंपणापाशी उभी राहून पाहिलं. उतरताना ती मला म्हणाली, "तू पण मारशील उडी? आधी पायात काही घाल."

दुसऱ्याच दिवशी मी अनवाणी पायांनी घोडी त्याच नाल्यावर घालते आहे. तुम्ही पलीकडे उभे. तिकडचा काठ रात्रीच्या पावसानं खचला आहे. तो तुम्हाला दिसतो, मला नाही. तुम्ही ओरडता, "सोड! सोड!" मी लगाम सोडते. घोडीचे पुढचे पाय भुसभुशीत मातीत जातात आणि हाड मोडल्याचा आवाज मला खोगिरावर ऐकू येतो.

"मीच बसलो होतो, साहेब. चूक माही," तुम्ही सांगितलंत. गोळी घालताना तिची दोरी तुम्हालाच धरायला लावली. नोकरी गेली. मग घाटंजीच्या जिनिंग कारखान्यात तुम्ही कापूस वाहिलात आणि तिथलाच खोकला घेऊन गेलात. मी तेव्हा कॉलेजात होते. "म्या 'थांब' म्हनाले पाह्यजे होतं," तुम्ही आईला शेवटपर्यंत सांगत राहिलात. "'सोड' म्हटलं, तर लेकरानं लगाम सोडला. तिचा काय दोष?" तो शब्द तुम्ही पुन्हा तोंडातून काढला नाहीत. गाईचं दावं सोडायचं असलं तरी "मोकळं कर" म्हणायचात.

ओरडताना तुम्ही दोन्ही हात आडवे हलवत होतात. मला ते दिसले होते. नाला सोड, उडी मारू नको, असं तुम्ही म्हणत होतात, हेही कळलं होतं. मला उडी मारायचीच होती.

तुम्हाला वाचता येत नसे. आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि वरच्या चार ओळी मी गाळल्या असत्या.