पिल्लं आबांकडेच राहतील

आबा, जयभीम.

तुम्ही खाली फिरायला गेलात आणि मला ऑफिसातून लवकर बोलावलं, म्हणून चिठ्ठी. आपल्या कॉकाटील पोपटांची मादी अजून पिल्लांना भरवत नाहीये. आज दोन्ही पिल्लांना तुम्हीच भरवायचं.

तुमचा प्रबुद्ध म्हणाला, "बाबांचा हात थरथरतो, त्यांना नको सांगूस. पिल्लं दुकानात देऊन टाकू." मी सरळ नाही म्हटलं. स्वतः दाणे फोडून खाईपर्यंत ती कुठेही जाणार नाहीत.

पिल्लाच्या गळ्याखालची खाण्याची पिशवी रिकामी दिसली की मगच भरवा. डब्यातली पिल्लांच्या खाण्याची पावडर पाण्यात कालवून मनगटावर थेंब टाकून बघा. कोमटच हवी, गरम गेली तर पिल्लू आतून भाजतं. सिरिंज नको, वाकवलेला चमचा घ्या. चोच उघडली नाही तर जबरदस्ती करू नका. पंखा बंद ठेवा.

काल तुमच्या हातून थोडं सांडलं, पण पिल्लू पोटभर जेवलं. "अजून देऊ का गं?" असं मला विचारलंत ना, आजारपणानंतर तुमचा तसा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आजही सांडलं तर सांडू दे, फडका बाजूलाच आहे.

दुपारी मी फोन करून विचारणार नाही, तुम्ही नीट भरवाल.

शीतल