सतरा नंबरचा बिल्ला

सोमवार, ११ नोव्हेंबर, सकाळी ९ वाजून २० मिनिटे. कचेरीत बसून सहा पेन्सिलींना टोके केली आणि आता हे लिहितो आहे.

आलो एकदाचा! नदी इतकी जवळ आहे की बोलताना आवाज चढवावा लागतो. पाणी हिरवे, दगडांवर आपटते तिथे दुधासारखे. काठावर अकरा तंबू, जेवणाची शेड आणि ही पत्र्याची कचेरी. लोक पैसे देऊन इथे तंबूत झोपतात आणि रबरी बोटीतून पाण्याच्या खळाळात हेलकावे खात जातात. मला तर बघूनच गरगरते.

माझे काम पाण्याबाहेरचे आहे. कचेरीच्या भिंतीवर खिळ्यांचा फळा आहे. पाहुणा पाण्यात उतरण्याआधी त्याला नंबराचा पितळी बिल्ला गळ्यात घालायला द्यायचा. वर आल्यावर त्याने तो स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की मी रजिस्टरात ‘सर्व बाहेर’ लिहून सही करायची. एखादा जरी खिळा रिकामा राहिला तरी मी शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी हातातले काम टाकून काठ शोधायचा. मालक म्हणाले, शाळा अर्धी सोडलीस तरी अक्षर बघून तुला घेतलंय, नुसतं वळणदार नको, खरंही पाहिजे. नावाड्याने लगेच माझे नाव ‘मास्तर’ ठेवले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर, रात्री जेवणानंतर.

आज नाक कापले गेले. नऊ नंबरचा खिळा रिकामा दिसला म्हणून मी शिट्टी फुंकली. आचारी चूल सोडून धावला, नावाडी कमरेपर्यंत पाण्यात, मालक अनवाणी. अर्ध्या तासाने एक बाई तंबूतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अगंबाई, हा माझ्या गळ्यातच राहिला की! जेवण करपले. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, मास्तर, शिट्टी वाजवायच्या आधी जरा डोकं वाजवत जा. पाहुणे हसले. मीही हसलो. मग तंबूमागे जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

शनिवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.

बावीस पाहुणे, एकच मोठी बोट, तीन खेपा. शेवटची खेप वळणावर उलटली. असे होतच असते म्हणतात. जो तो हसत, खोकत, आपापल्या बाजूने काठावर चढला. एकवीस बिल्ले आले. सतराचा खिळा रिकामा.

 सतरा म्हणजे सात नंबरच्या तंबूतला एकटा आलेला माणूस. सकाळी बिल्ला घेताना माझ्याशी छान बोलला होता. म्हणाला, वडिलांना सांगितलंय डोंगर बघायला जातो, पाण्याचं कळलं तर म्हातारा हाय खाईल.

या खेपेला आधी डोके वाजवले. तंबूची चेन लावलेली होती, आत हाक मारणे बरे वाटले नाही. शेडमागे जाऊन धुवायला पडलेल्या पाहुण्यांच्या ताटल्या मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. बावीस. म्हणजे सगळे जेवले. तो दमून झोपला असणार, बिल्ला गळ्यातच. मी पुठ्ठ्याचा गोल कापला, त्यावर १७ लिहिले आणि खिळ्याला अडकवला. सकाळी खरा बदलून टाकीन. मग लिहिले: सर्व बाहेर. खाली सही. मालकांनी फळ्याकडे बघून पाठ थोपटली.

रविवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.

पाहुण्यांची बस सकाळीच गेली. सात नंबरच्या तंबूत बॅग आहे, बूट आहेत. अंथरुणाची घडी मोडलेली नाही.

आचाऱ्याला विचारले. तो म्हणाला, अरे, काल नावाड्याने आपली ताटली संपवून पाहुण्यांचीही एक घेतली, त्याचं पोट म्हणजे विहीर आहे. नावाड्याला सांगितले तेव्हा तो खाली बसला. मालकांनी दार लावून घेतले. म्हणाले, रजिस्टर काय म्हणतं? बाहेर आला. सही कुणाची? तुझी. आता उलटं सांगितलं तर पहिला प्रश्न, रात्रभर का शोधला नाही? तोंड उघडलंस तर आधी तू आत जाशील, मग मी.

चार वाजता फोन वाजला. वडील होते. आवाज म्हातारा, फार अदबीचा. म्हणाले, साहेब, माझ्या मुलाच्या मित्राकडून कळलं की तो पाण्यात उतरलाय. त्याला पोहता येत नाही हो. तो बाहेर आलाय ना? मालक समोर उभे होते. मी रजिस्टर उघडले आणि वाचून दाखवले. हो काका, बाहेर आला.

ते रडायलाच लागले. देव तुमचं भलं करो म्हणाले.

सोमवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ११.

नावाडी पहाटेपासून एकटाच शोधत होता. वळणाखालच्या डोहात त्याला बोटीत घालायला देतो ते नारिंगी जॅकेट दिसले, दगडाच्या कपारीत अडकलेले. जॅकेटमध्ये माणूस आहे. उभा आहे. प्रवाह इतका की हात पोचत नाही. हे सांगताना त्याचे दात वाजत होते.

मी म्हणालो, मी आत्ताच त्या काकांना फोन करतो. मालकांनी फोनची तार काढून खिशात घातली.

त्याच दिवशी, ४ वाजून ५ मिनिटे.

फोन वाजला. तार मालकांच्या खिशात आहे.

वडील आनंदात होते. म्हणाले, साहेब, पोरगं घरी आलं! सकाळी दारात उभं. फक्त एक विचारायचं होतं. तीन टॉवेल झाले, चादर झाली, शेगडीपाशी बसवलं. त्याचं अंग वाळत नाही. तुमच्याकडे असं कुणाला झालंय का?

 ते म्हणाले, आणि तो सारखा एकच विचारतो. माझा बिल्ला कुणी अडकवला?

बुधवार, २० नोव्हेंबर.

सतराच्या खिळ्यावर आता दोन बिल्ले आहेत. वरती माझा पुठ्ठ्याचा. खाली पितळी, ओला. पुसला. पुन्हा ओला झाला.

पुठ्ठ्याचा फाडून चुलीत टाकला. जेवून आलो तर खिळ्यावर होता. माझेच अक्षर.

काकांचा फोन आला. मी सगळे सांगून टाकले — ताटल्या, पुठ्ठा, सही, डोह.  ते हळूच म्हणाले, मग बाळा, हा माझ्यासमोर कोण बसलाय?

आणि मग — आम्ही येतो तिकडे. त्यालाच यायचंय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर, दुपारी ४.

आले. भर उन्हात. म्हातारा कोरडा, त्याच्या मागे तो. त्याच्या पावलांखाली वाळू काळी होत गेली. नखे निळी. तोच चेहरा, तेच नम्र बोलणे.

मालक धावतच गेले. त्याचा हात हातात घेतला, मोठ्याने हसले, म्हणाले, बघ मास्तर, धडधाकट माणूस! मग आपला हात पँटला पुसला. पुसतच राहिले. पण काही विचारले नाही.

तो माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, मास्तर, मी बाहेर आलेलो नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून मला यावं लागतंय. तिकडे खाली थंडी, इकडे वर थंडी. खरं तेवढं लिहा, म्हणजे मला एका ठिकाणी राहता येईल.

मी रजिस्टर ओढले. म्हाताऱ्याने त्यावर दोन्ही हात ठेवले. म्हणाला, नको. ओला तर ओला. समोर तर आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर.

सात नंबरच्या तंबूत राहिलेत. म्हातारा रजिस्टर छातीशी धरून बसतो. जेवतानाही सोडत नाही. मालक म्हणतात, असू दे, आपलं काय जातंय.

नावाडी डोहावर जाऊन आला. खालचा अजून तिथेच आहे. आता डोळे उघडे आहेत म्हणतो. नावाडी नोकरी सोडून गेला.

मी कुठे जाऊ? जिथे जाईन तिथे ती सही माझीच.

रविवार, २४ नोव्हेंबर.

म्हातारा त्याचे केस पुसतो. दिवसभर. टॉवेल पिळतो, पुन्हा पुसतो. तो लहान मुलासारखा बसून असतो. दात वाजतात. म्हातारा म्हणतो, बास, झालंच हं, आता वाळेल.

मला ऐकवत नाही. कान झाकले तरी ते दात —

सोमवार. तारीख २५. दुपार.

म्हातारा बसल्या बसल्या झोपला आहे. चार दिवसांत पहिल्यांदा. रजिस्टर त्याच्या मिठीत. ओढले तर जागा होईल.

तो माझ्या दारात उभा आहे. उंबऱ्यावर पाणी. म्हणतो, रजिस्टरच पाहिजे असं नाही. तुमच्या हातचं, खरं आणि सहीनिशी. या वहीत चालेल.

विचारले, मग काकांचे काय? तो तंबूकडे वळून बघतो, मग वहीकडे बोट करतो. 

लिहितो. क्रमांक सतरा, शनिवार दिनांक १६ नोव्हेंबर, तिसऱ्या खेपेला पाण्यात उतरला. बोट उलटली. मी माणसे मोजली नाहीत, ताटल्या मोजल्या. शिट्टी वाजवली नाही. तो त्या दिवशी —

म्हातारा जागा झाला. पळत येतोय —

माझे मनगट धरले आहे. पाया पडतो म्हणतो. बाळा, एवढा एकच आहे रे मला, नको लिहू. मी लिहितोच आहे, तो त्या दिवशी — अक्षर बिघडते आहे, दोघेही बघताहेत, म्हातारा म्हणतो थांब, तो म्हणतो लिहा, मास्तर, लिहा हो, फार थंडी वा