म्हातारीची घसरण

प्रिय आत्ये,

तुझं तेरावं होऊन महिनाही झाला नाही, आणि मी तुला पत्र लिहायला बसलेय. का, ते ऐक!

आज सकाळी संजूचा गावाहून फोन आला. तुझा लाडका भाचा, माझा भाऊ. बोलता बोलता म्हणतो, "ताई, म्हैस हरवली होती, म्हातारीच्या घसरणीपाशी सापडली."

मी म्हटलं, ही कुठली नवी जागा? गावामागच्या कातळाच्या सड्यावरचं एकूण एक नाव तू मला सांगितलंस, मग हे कसं राहिलं? तर तो अगदी सहज म्हणतो, "अगो, आत्या पडली ना, ती वाट. सगळे तसंच म्हणतात आता."

आत्ये, मी थिजलेच! फोन स्पीकरवर होता. शेजारी अन्वी टोस्ट खात होती. ती विचारते, "ममा, हू इज म्हातारी?" काय सांगू पोरीला?

म्हातारी! तुझ्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती का? कोयता घेऊन मागे लागली असतीस!

तू गेलीस तेव्हाही असा धक्का बसला नव्हता. तेव्हा लीव्ह, तिकीट, फ्लाइट यातच जीव अडकला होता, आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पण आज तुझं नावच गेलं गं! इतक्या लवकर?

दर शुक्रवारी मला सुट्टी असायची. तू काठी टेकत सड्यावर चढायचीस आणि रेंज आली की फोन लावायचीस. इकडे आखातात, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉप उघडून तयार. तू जागेचं नाव सांगायचीस, ते का पडलं ते सांगायचीस, आणि मी आपल्या गावाच्या नकाशावर टाकायची. ऑफिसात मी समुद्र बुजवून केलेल्या जमिनीचे नकाशे काढते. तिथल्या प्लॉटना नुसते नंबर. तुला केवढी कीव यायची! "नंबराला हाक कशी मारतात गो?"

पुरुषांची नावं कशी ठणठणीत होती बघ. विहिरीला गणूशेटची बाव, शेताला तुकारामाचा बांध. आणि बायकांची? बाळंतिणीचा दगड. ओढ्यातली सुनेची कोंड. कोण सून बुडाली, मी विचारलं होतं. "असेल कुणाची तरी," म्हणालीस आणि पुढच्या नावावर गेलीस. मीही गेले. आज आठवलं आणि अंगावर काटा आला. तिलाही कुणीतरी आत्या म्हणत असेल ना?

आणि तुला तरी त्या शेवाळलेल्या वाटेने जायचं काय अडलं होतं? गवताचा भारा संजूने आणला नसता?

दुपारी रागारागाने लॅपटॉप उघडला. म्हटलं, 'इंदूआत्याची घसरण' लिहून मोकळी होते, कोण विचारतंय! लिहिलंही. आणि लगेच तुझाच आवाज कानात, "लोक म्हणतात तेच लिही गो. तुझं डोकं चालवू नको." मेल्यावरही ऐकवतेस! खोडलं मी ते.

मग संजूला परत फोन लावला. "इंदूआत्याची घसरण, म्हण."

"ताई, काय हे?"

"म्हण आधी!"

म्हणाला. पुन्हा म्हणायला लावलं, तर मध्येच थांबला आणि ढसाढसा रडायला लागला. तू गेल्यापासून रडला नव्हता तो.

गणपतीला येतेय मी. वाडीत घरोघर जाईन. जो म्हातारी म्हणेल त्याच्याशी त्याच्या अंगणात उभी राहून भांडेन. तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी बसेपर्यंत नकाशावरची तेवढी जागा कोरी ठेवीन, आणि बसलं की लोक म्हणतात तेच लिहीन. शब्द देते, आत्ये.

तुझी भांडकुदळ भाची,
नीलू